लांब पल्ल्याचं निवेदन: बेटी व्हाइट यांच्या कारकिर्दीतून नवोदितांनी काय उचलावं

दिवसाला साडेपाच तास, आठवड्याचे सहा दिवस, आणि सगळं थेट प्रक्षेपण. 1949 मध्ये अमेरिकन अभिनेत्री आणि निवेदिका बेटी व्हाइट लॉस एंजलिसच्या एका स्थानिक वाहिनीवर 'हॉलिवूड ऑन टेलिव्हिजन' या कार्यक्रमात अल जार्विस यांच्या जोडीला उभ्या राहिल्या, तेव्हा कामाचं वेळापत्रक हे होतं. लिहिलेली संहिता जवळपास नव्हतीच. गप्पा, पाहुणे, मध्येच एखादं गाणं, जाहिरातीसुद्धा तिथेच उभं राहून बोलायच्या. 1952 पासून तो कार्यक्रम त्यांनी एकटीने सांभाळला. आठवड्याला 33 तास कॅमेऱ्यासमोर! दूरचित्रवाणीवर सर्वात दीर्घ कारकीर्द करणारी स्त्री कलावंत म्हणून पुढे गिनेस बुकात त्यांचं नाव नोंदलं गेलं, त्या कारकिर्दीचा पाया म्हणजे हे तास.

निवेदन शिकायला निघालेल्या पुण्यातल्या मुली पहिल्यांदा आवाजाचा पोत आणि साडीचा रंग यांची काळजी करतात. दोन्ही गोष्टी लागतात, पण नंतर. आधी साठा हवा तो बोलण्याच्या तासांचा. आज तुम्हाला कोणी रोज साडेपाच तास देणार नाही, म्हणून ते तुकड्यांनी गोळा करावे लागतात.

घरी सुरुवात अशी करा. मोबाइल डोळ्यांच्या उंचीवर स्टँडला लावा आणि पाच मिनिटांचा गजर लावा. घरातली कोणतीही एक वस्तू, अडकित्ता, पितळी डबा, जुनी छत्री, हातात घ्या आणि कागदाशिवाय तिच्याविषयी बोला. बहुतेकजणी दुसऱ्या मिनिटाला अडतात. कारण ठरलेलं आहे: सुरुवातीलाच सगळी विशेषणं खर्च होतात. 'सुंदर', 'पारंपरिक', 'आपल्या संस्कृतीतली' एवढं बोलून झालं की हात रिकामे. कृतीचं तसं होत नाही. वस्तू कोण वापरतं, कशी धरतात, बिघडली तर काय करतात, ती नसेल तर कुठे अडतं, या चार प्रश्नांवर पाच मिनिटं सहज निघतात. मग रेकॉर्डिंग ऐकून बोललेलं जसंच्या तसं उतरवून काढा. हे काम कंटाळवाणं आहे आणि याला पर्याय नाही. 'तर', 'म्हणजे', 'ॲक्च्युअली', 'अं' मोजा. पाच मिनिटांत दहाच्या आत आले की पुढच्या पायरीवर जा. हे भरीचे शब्द वाक्याच्या मध्ये श्वास संपल्यामुळे येतात. वाक्य पूर्ण करा, ओठ मिटा, नाकाने श्वास घ्या, मग पुढे बोला. ती शांतता तुम्हाला लांबलचक वाटते, ऐकणाऱ्याला ती जाणवतसुद्धा नाही.

यानंतर माणसांसमोर. पुण्यात संधीची वाण नाही: गणेशोत्सवातल्या मंडळांचे कार्यक्रम, सोसायटीची कोजागरी, महाविद्यालयांची स्नेहसंमेलनं, लहान सभागृहांतल्या सुगम संगीताच्या मैफली. मैफलीचं निवेदन तर मुद्दाम मागून घ्या. दोन गाण्यांच्या मध्ये तबला स्वरात लावायला घेतला की तो वेळ तुमचा, आणि तो किती लांबेल हे कोणालाच ठाऊक नसतं. त्यासाठी तीन मजकूर कायम तयार ठेवा: अर्ध्या मिनिटाचा, एका मिनिटाचा आणि तीन मिनिटांचा. तिन्ही कुठल्याही वाक्यावर थांबवता येतील असे हवेत, कारण तबलजींनी मान हलवली की तुम्हाला गप्प व्हायचं आहे. हातातला किस्सा पुरा करायचा हट्ट धरणाऱ्या निवेदिकेला वादक दुसऱ्यांदा बोलावत नाहीत.

आकाशवाणीचं पुणे केंद्र 1953 पासून आहे. तिथे हंगामी निवेदकांसाठी चाचणी निघते तिच्यावर लक्ष ठेवा. विद्यापीठाचं 'विद्यावाणी' हे सामुदायिक रेडिओ केंद्रही शिकण्यासाठी चांगलं. रेडिओचा फायदा म्हणजे चेहऱ्याचा आधार सुटतो आणि उच्चारांतले दोष उघडे पडतात. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा, या दोन शब्दांतला ज वेगळा आहे. तो फरक ज्यांच्या जिभेवर नाही त्यांनी रोज दहा मिनिटं मोठ्याने वाचन करावं. आडनावांचा उच्चार त्या माणसालाच विचारावा, आयोजकांना नव्हे. पुण्यातला श्रोता चुकलेलं आडनाव मध्यंतरात येऊन सुधारून देतो, आणि त्याचं बरोबर असतं.

'टाळ्यांच्या गजरात स्वागत करूया' किंवा 'आता मी मंचावर आमंत्रित करते' ही वाक्यं वाईट नाहीत, पण एका कार्यक्रमात एकदाच. दुसऱ्यांदा बोलवायचं असेल तेव्हा त्या माणसाने केलेली एक ठोस गोष्ट सांगा आणि नाव शेवटी घ्या. टाळ्या आपोआप वाजतात.

स्टुडिओत गेल्यावर अडचणी बदलतात. टेलिप्रॉम्प्टरची, म्हणजे कॅमेऱ्यापाशी संहिता सरकवत दाखवणाऱ्या पडद्याची, पट्टी रुंद असेल तर वाचताना तुमचे डोळे डावी-उजवीकडे फिरताना दिसतात, म्हणून एका ओळीत तीन-चार शब्दच बसतील एवढी अक्षरं मोठी करून मागा. संहितेत आकडे अक्षरांत लिहा: '1972' नको, 'एकोणीसशे बहात्तर' हवं, नाहीतर थेट प्रक्षेपणात जीभ अडखळते. नवख्या निवेदिका प्रॉम्प्टरच्या मागे धावतात. प्रत्यक्षात तो चालवणाऱ्याने तुमच्या मागे यायचं असतं. तुम्ही थांबलात की तो थांबतो, हे तालमीत एकदा करून पाहा म्हणजे भीती जाते. टॉकबॅकची, म्हणजे कंट्रोल रूममधून कानात येणाऱ्या सूचनांची, सवय घरीच करता येते: एका कानात बातम्या लावा आणि समोरच्याला काल वाचलेली गोष्ट सांगा. पहिले आठ दिवस वाक्यं तुटतील, मग कान आणि तोंड वेगळं काम करू लागतात. समारोपाचं वाक्य घड्याळ लावून मोजून ठेवा. ते 12 सेकंदांचं असेल तर कंट्रोल रूममधून 15 म्हटलं की सुरू करायचं.

लेपल माइक, म्हणजे कपड्याला लावायचा छोटा माइक, हनुवटीपासून साधारण एक वीत खाली. साडी असेल तर तो पदराच्या सुट्या भागाला लावू नका, खांद्यावर पिन केलेल्या निऱ्यांच्या पक्क्या कडेला लावा. रेशमाची सळसळ आणि मंगळसूत्राची टकटक या दोन आवाजांमुळे चांगल्या मुलाखती वाया जातात, आणि संकलनात हे आवाज सहसा नीट काढता येत नाहीत, कारण ते शब्दांच्या वरच बसलेले असतात. माइकचा ट्रान्समीटर परकराच्या नाडीला अडकवला तर वजनाने खाली ओढतो. साडीच्या आतून एक पातळ पट्टा बांधा. बांगड्या टेबलावर आपटतात. बारीक रेघा आणि बारीक चौकडी पडद्यावर थरथरते. मागे हिरवा पडदा असेल तर हिरवी पैठणी घरी राहू द्या.

मुलाखतीसाठी अभ्यास करायचा तो आपल्याकडच्या तबस्सुम यांचा. मुंबई दूरदर्शन ऑक्टोबर 1972 मध्ये सुरू झालं आणि त्याच महिन्यात त्यांचा 'फूल खिले हैं गुलशन गुलशन' हा मुलाखतींचा कार्यक्रम आला. तो 1993 पर्यंत, म्हणजे 21 वर्षं चालला. बालकलाकार म्हणून त्या 1947 पासून कॅमेऱ्यासमोर होत्या, त्यामुळे समोर बसलेला नट त्यांना परका नव्हता. ते हसू आणि ती आपुलकी उचलता येणार नाही, आणि नक्कल लगेच उघडी पडते. पाहुण्याच्या क्षेत्रात आधीपासून घर असणं मात्र उचलता येतं. गायिकेची मुलाखत घ्यायची तर तिच्या घराण्याच्या चार बंदिशी कानाखालून गेलेल्या हव्यात.

अर्ध्या तासाच्या मुलाखतीला 20 प्रश्न काढा. विचारले जातील आठ-नऊ. पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर, एका कागदावर एकच विषय. सुरुवातीला 'कसं वाटतंय?' नको, कारण त्याचं उत्तर 'छान' असंच येतं. 'त्या दिवशी पडदा वर गेला तेव्हा विंगेत कोण उभं होतं?' असं विचारलं की पाहुण्याला ते दृश्य आठवावंच लागतं. उत्तर संपलं असं वाटल्यावर मनात तीन मोजा. खरं बोलणं पुष्कळदा त्या तीन आकड्यांनंतर येतं. सगळ्यात मोठी चूक म्हणजे पाहुणा बोलत असताना पुढचा प्रश्न वाचणं: धागा सुटतो, आणि त्याच्या उत्तरातच असलेला प्रश्न तुम्ही पुन्हा विचारता.

आता बेटी व्हाइट यांच्याकडे परत, कारण दुसरी पायरी त्यांच्याचकडून शिकावी. रोजच्या कार्यक्रमातल्या एका छोट्या प्रहसनातून त्यांनी 'लाइफ विथ एलिझाबेथ' ही मालिका उभी केली. लेखक जॉर्ज टिबल्स आणि निर्माते डॉन फेडरसन यांच्यासह स्वतःची निर्मितीसंस्था काढली आणि पडद्यामागचे निर्णयही घेतले. पन्नासच्या दशकात एका स्त्रीने हे करणं ही साधी गोष्ट नव्हती. याचा फायदा 1954 मध्ये दिसला. त्यांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात आर्थर डंकन हा कृष्णवर्णीय नर्तक होता. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या काही केंद्रांनी तो नको म्हणून दबाव आणला. व्हाइट यांनी त्याला काढलं नाही, उलट जास्त वेळ दिला. तो कार्यक्रम त्याच वर्षी बंद पडला. हे उदाहरण लक्षात ठेवा ते एवढ्यासाठी की मंचावर पाहुण्याचा पाणउतारा होऊ लागला तर त्याच्या बाजूने पहिलं वाक्य निवेदिकेनेच बोलायचं असतं.

निर्णय आपल्याही हातात यावेत म्हणून निवेदनासोबत दुसरं काम शिका: संकलन, संशोधन किंवा निर्मितीसाहाय्य. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये दूरचित्रवाणीचे एक वर्षाचे अभ्यासक्रम आहेत, त्यांत दिग्दर्शन, संकलन, ध्वनिमुद्रण शिकवतात. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पत्रकारिता आहे, विद्यापीठात ललित कला केंद्र. स्वतःचं चित्रीकरण स्वतः कापणारी निवेदिका सहा महिन्यांत निम्मं बोलते, कारण काय कापलं जातं हे तिने पाहिलेलं असतं.

व्यवहार लेखी ठेवा, मेसेजवर चालेल पण स्पष्ट. तारीख, तालमी किती, चित्रीकरण किती तासांचं, ते कोणकोणत्या माध्यमांवर वापरणार, पुन्हा वापरलं तर वेगळं मानधन आहे का, रंगभूषा आणि प्रवास कोणाकडे, पैसे किती दिवसांत. पॅन आधीच द्या आणि कापलेला टीडीएस, म्हणजे मानधनातून आधीच वळता केलेला प्राप्तिकर, तुमच्या पॅनवर जमा झाला का, ते वर्षाअखेरीस तपासा. 'एक्स्पोजर मिळेल' म्हणून केलेल्या कामात निदान न कापलेलं चित्रीकरण तुम्हाला मिळेल एवढं तरी ठरवून घ्या.

वयाची भीती पुण्यात पंचविशीतल्या मुलीही बोलून दाखवतात. व्हाइट 'मेरी टायलर मूर शो' या विनोदी मालिकेत आल्या 1973 साली, वय 51. 'गोल्डन गर्ल्स' ही दुसरी विनोदी मालिका 1985 साली, वय 63. 2010 मध्ये 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या थेट विनोदी कार्यक्रमाचं सूत्रसंचालन केलं तेव्हा 88. मधल्या काळात त्या मिरवणुकांचं समालोचन आणि शब्दखेळांचे कार्यक्रम करत राहिल्या, आणि 1983 मध्ये गेम शोच्या सूत्रसंचालनासाठी डे-टाइम एमी हा अमेरिकन दूरचित्रवाणी पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. लहान म्हणून नाकारावीत अशी ही कामं नाहीत.

शेवटी रील, म्हणजे निर्मात्यांना पाठवायची तुमच्या कामाच्या नमुन्यांची चित्रफीत. 90 सेकंद, जास्त नको. पहिल्या दहा सेकंदांत तुमचा चेहरा आणि आवाज, संगीत आणि फिरती अक्षरं नकोत. एक तुकडा मंचाचा, एक मुलाखतीचा, एक कागदाशिवाय बोललेला, कोणताही 20 सेकंदांच्या वर नाही. मुलाखतीच्या तुकड्यात तुम्ही ऐकताना दिसा. बहुतेकजणी हाच भाग कापतात आणि निर्माते नेमका तोच शोधतात. शेवटच्या पाटीवर नाव, येणाऱ्या भाषा आणि संपर्क. दर सहा महिन्यांनी सगळ्यात जुना तुकडा काढून नवा घाला आणि फाइलच्या नावात महिना व वर्ष लिहा, नाहीतर जुनीच रील पुढे जाते.