बॅक लाईन फुटतेय? आधी हे बघा

गावच्या फुटबॉल टुर्नामेंटमध्ये गोल खाल्ला की सगळे गोलकीपरवर तुटून पडतात, पण बहुतेक वेळा घोळ असतो तो बॅक लाईनचा, म्हणजे मागचे चार डिफेंडर एका लाईनीत नसल्याचा. गोव्यात डिचोली-पेडण्याकडच्या मॅचमध्ये हे हमखास दिसतं, तिघे पुढे येतात, एक साईड बॅक मागेच रेंगाळतो आणि त्याच्यामुळे समोरचा स्ट्रायकर ऑनसाईड (पास सुटताना तो आपल्या शेवटच्या डिफेंडरच्याही पलीकडे, गोलच्या बाजूला असता तर ऑफसाईड ठरला असता). म्हणून लाईन एकानेच हलवायची, शक्यतो सेंटर बॅकने (मधल्या डिफेंडरने), आणि ती पण ओरडून, लाजत सांगितलं तर ऐकणार कोण?

बॉलवाल्यावर आपल्या कोणाचं प्रेशर असेल तरच वर या. तो मान वर करून निवांत पास शोधत असेल तर सरळ मागे पळा, हात वर करून ऑफसाईड मागत उभं राहू नका, गावच्या मॅचला लाईन्समन म्हणजे रामभरोसे कारभार. आणि थ्रो-इनवर डायरेक्ट आलेल्या बॉलला ऑफसाईड नसतोच, तिथे लाईन कसली धरताय, माणूस पकडा!

पावसात म्हापशाच्या धुळेर स्टेडियमच्या टर्फवर ठीक आहे, पण चिखलात वळायलाच वेळ जातो, तिथे लाईन पाच-सहा पावलं मागे ठेवा आणि पुढची गॅप भरायला एक मिडफिल्डर खाली बोलवा.