किडनीचा त्रास असेल तर बीपी घरी कसं सांभाळायचं (नागपूरकरांसाठी)

रक्ताच्या तपासणीत क्रिएटिनिन (किडनी रक्तातला जो कचरा बाहेर टाकते, त्यातला एक) वाढलेलं निघालं की घरचे सगळे किडनीच्या मागे लागतात आणि बीपी राहून जाते. अन् बीपी चढलेलं राहिलं की किडनीच्या बारीक गाळण्या खराब होत जातात, त्या खराब झाल्या की बीपी अजून चढते, असं ते चक्र आहे.

पहिले मशीन घ्या, दंडाला बांधायचं, मनगटाचं नको. चहा पिल्यावर अर्धा तास जाऊ द्या, लघवीला जाऊन या, पाठ टेकून पाच मिनिटं गप बसा, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या लेव्हलला, पट्टा उघड्या दंडावर. सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी, मिनिटभर थांबून दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे वहीत लिहा, चांगला तेवढाच नका लिहू बाप्पा. डायलिसिससाठी फिस्टुला (ऑपरेशन करून जोडलेली रक्तवाहिनी) केलेल्या हातावर कधीच मोजू नका. टार्गेट बहुतेकांना 130/80 च्या खाली सांगतात, पण म्हाताऱ्या माणसाला उठताना चक्कर येत असेल तर डॉक्टर ढील देतात, म्हणून आपला आकडा विचारून घ्या.

मीठ दिवसभराचं सगळं मिळून 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक छोटा चमचा. भाजीत मीठ कमी टाकून काय फायदा, जर ताटात सांडगी मिरची, पापड, लोणचं आहेच आणि सकाळी तर्री पोह्यावर मूठभर शेव! बाहेरच्या सावजी रस्स्यात मीठ किती, ते तर विचारूच नका.

पण खरी भीती 'लो सोडियम' मिठाची आहे. त्यात थोड्या सोडियमच्या जागी पोटॅशियम असते, कमजोर किडनी ते नीट बाहेर टाकू शकत नाही, वरून टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल या बीपीच्या गोळ्यांनीही ते वाढते, आणि फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. नारळपाणी, संत्र्याचा ज्यूस यांचंही तेच. संत्र्याच्या गावात हे सांगणं जिवावर येते, पण पोटॅशियमचा रिपोर्ट पाहून डॉक्टर हो म्हणाले तरच खा.

टेल्मिसार्टनसारख्या या गोळ्या सुरू केल्या की 2 ते 4 आठवड्यांत क्रिएटिनिन, पोटॅशियम तपासून घ्या. क्रिएटिनिन 30 टक्क्यांपर्यंत वाढलं तर बहुतेक वेळा गोळी चालूच ठेवतात, घाबरून आपल्या मनानं बंद करू नका. मात्र मे महिन्यात पारा 45 ला टेकला असताना उलट्या-जुलाब लागले तर त्याच दिवशी डॉक्टरला फोन करा, कारण या आणि लघवी जास्त करवणाऱ्या गोळ्या थोडे दिवस थांबवाव्या लागू शकतात. आणि गुडघे दुखले म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन आणून खाऊ नका, त्यानं बीपीही चढते आणि किडनीलाही मार बसतो.