जुन्या ग्रंथांचे डिजिटायझेशन: तिरका ठसा आणि आकडे

जुन्या पुस्तकाची पाने स्कॅन करून ओसीआरने, म्हणजे चित्रातील अक्षरे ओळखणाऱ्या संगणकीय तंत्राने, मजकूर काढला, तरी तिरका ठसा (इटॅलिक) आणि आकडे या दोन ठिकाणी तो हमखास दगा देतो आणि मुद्रितशोधकाची नजरही तिथेच घसरते. म्हणून या दोहोंबाबतचे नियम काम सुरू करण्यापूर्वीच लिहून ठेवावेत.

तिरक्या ठशाची खूण करताना तो ग्रंथनामासाठी आहे, परभाषेतील शब्दासाठी आहे की केवळ जोर देण्यासाठी, हे पाहावे. विकिस्रोत या ऑनलाइन मुक्त ग्रंथालयावर शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन सरळ एकेरी अवतरणचिन्हे दिली की तो तिरका होतो. मात्र ही खूण ओळीअखेर आपोआप संपत असल्याने लांब उताऱ्यात ती प्रत्येक परिच्छेदाला नव्याने द्यावी लागते. शब्दानंतरचा स्वल्पविराम खुणेबाहेर ठेवावा. सगळी प्रस्तावनाच तिरक्या ठशात असेल, तर जोर दिलेला शब्द सरळ छापलेला असतो, हे विसरू नये.

आकड्यांचे प्रकरण अधिक नाजूक आहे. जुन्या मराठी पुस्तकांत ‘२॥’ म्हणजे अडीच आणि ‘५॥।’ म्हणजे पावणेसहा. या उभ्या रेघा ओसीआरला पूर्णविराम किंवा ११ वाटू शकतात, आणि अडीच शेरांचे दोनशे अकरा शेर झाले तरी वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोषच राहते. अशा ठिकाणी दंडचिन्हेच टंकित करावीत आणि ती अंकापासून तोडू नयेत. ‘रा॰ रा॰’ किंवा ‘ता॰ ५’ यांतील वर्तुळ हे शून्य नसून संक्षेपचिन्ह आहे. युनिकोड या संगणकीय अक्षरसंकेतात त्याला स्वतंत्र स्थान आहे. तेथे शून्य टंकित केले, तर पुढे कोणी देवनागरी अंकांचे सरसकट रूपांतर केल्यावर त्या संक्षेपांची दुर्दशा होते. ५, ८ आणि ९ यांची जुनी वळणे वेगळी दिसली तरी अंक तोच असल्याने त्यासाठी निराळे चिन्ह शोधत बसू नये. शके १८०२ असे छापले असेल, तर त्याचे इसवी सन करण्याचा मोह मजकुरात आवरावा.

कोष्टकांसाठी मला सर्वांत भरवशाचा उपाय वाटतो तो बेरजेचा: टंकित केलेल्या रकमा मिळवून छापील एकूण रकमेशी ताडून पाहाव्यात. फरक आला तर प्रत्येक आकडा मूळ पानाशी पुन्हा जुळवावा, आणि छापील बेरीजच चुकलेली निघाली तर ती तशीच ठेवून तळटीप द्यावी.