सेंट्रेटमधला अमोनिया एकाच टाकीत कसा काढावा

सांडपाणी प्रक्रिया प्लांटमध्ये डायजेस्टरमधला (हवेविना गाळ कुजवणाऱ्या टाकीतला) गाळ सेंट्रिफ्यूजवर, म्हणजे वेगाने फिरवून पाणी वेगळे करणाऱ्या यंत्रावर, घेतला की सुटणारे पाणी म्हणजे सेंट्रेट. प्लांटच्या एकूण पाण्यात ते जेमतेम 1 टक्का, पण नायट्रोजनचा 15 ते 25 टक्के भार त्यातच असतो. ते परत प्लांटच्या इनलेटला (सुरुवातीला) सोडण्यापेक्षा वेगळ्या टाकीत घ्यावे. ऑस्ट्रियातल्या श्ट्रासच्या प्लांटवर 2004 पासून हीच पद्धत आहे. हवा दिली की निम्म्याहून थोड्या जास्त अमोनियाचा नायट्राइट होतो आणि उरलेला अमोनिया व हा नायट्राइट यांपासून ऑक्सिजनशिवाय जगणारे अ‍ॅनामॉक्स जिवाणू नायट्रोजन वायू बनवतात. बाहेरून कार्बन घालावा लागत नाही.

टाकीचे गणित सोपे आहे. रोज 100 घनमीटर सेंट्रेट, लिटरमागे 1000 मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन, म्हणजे दिवसाला 100 किलो. टाकीच्या घनमीटरमागे दिवसाला 0.5 किलो भार धरला तर 200 घनमीटरची टाकी पुरते. तापमान 30 ते 35 अंश ठेवा. आधी बॅलन्सिंग टँक (सेंट्रेट साठवून एकसारखे करणारी टाकी) हवीच, कारण सेंट्रिफ्यूज बिघडला की घट्ट गाळ थेट आत येतो आणि अ‍ॅनामॉक्स बाहेर ढकलले जातात. क्षारताही (पाण्याची आम्ल शमवण्याची क्षमता) मोजा: काढलेल्या प्रत्येक ग्रॅम नायट्रोजनमागे सुमारे 4 ग्रॅम लागते.

सुरुवात चालू प्लांटचा बीजगाळ (हे जिवाणू असलेला गाळ) आणून करा. अ‍ॅनामॉक्स दुप्पट व्हायला साधारण 10 ते 14 दिवस घेतात, त्यामुळे भार आठवड्या-आठवड्याने चढवायचा. इथेच घाई होते आणि इथेच प्लांट बसतात.

हवा थांबून-थांबून द्या आणि विद्राव्य ऑक्सिजन लिटरमागे 0.3 मिलिग्रॅमच्या आसपास राखा. हवा सुरू असताना पीएच उतरतो, बंद केली की फीडच्या क्षारतेने चढतो. श्ट्रासला जेमतेम 0.01 पीएचच्या फरकावर ब्लोअर (हवा देणारा पंखा) चालू-बंद होतो, म्हणून पीएचचा प्रोब नेमाने पुसून कॅलिब्रेट करा.

नायट्राइट रोज तपासा. लिटरमागे 5 मिलिग्रॅमच्या आत असला तर ठीक. 10 च्या वर गेला की हवा बंद करा, मिक्सर चालू ठेवा. टाकीत अमोनिया 50 च्या वर असू द्या, नाहीतर नायट्राइट खायला जोडीच उरत नाही. नायट्रेट मात्र काढलेल्या नायट्रोजनच्या 11 टक्क्यांच्या आसपास येणारच. 20 टक्के दिसला तर नायट्राइटचा नायट्रेट करणारे नको ते जिवाणू माजलेत, हवेचा वेळ कमी करा.

गाळ काचेच्या सिलिंडरमध्ये घेऊन पाहा: अ‍ॅनामॉक्सचे विटकरी लाल कण तळाशी झपाट्याने बसतात, तपकिरी हलका गाळ वर तरंगत राहतो. काढायचा तो हाच हलका गाळ. हायड्रोसायक्लोनने (गाळ फिरवून जड-हलके वेगळे करणाऱ्या शंकूने) जड कण परत टाकीत सोडा.