पालकांनी अचानक पाळणाघर सोडले तर काय करावे?

रविवारी रात्री मोबाइलवर निरोप येतो, "काकू, उद्यापासून बाळाला पाठवणार नाही, सासूबाई गावाहून आल्या आहेत," आणि घरात पाच-सहा मुले सांभाळणाऱ्या बाईचे त्या महिन्याचे सगळे गणित बिघडते. कारण मदतीला येणाऱ्या मावशींचा पगार, दुधाचे बिल आणि दुपारच्या जेवणाचा शिधा एक मूल कमी झाल्याने त्याच प्रमाणात कमी होत नाही.

अशा निरोपाला त्या रात्री मोठे उत्तर देऊ नये. "निरोप मिळाला, उद्या दुपारी मुले झोपल्यावर फोन करते," एवढे लिहून थांबावे, म्हणजे रागाच्या भरात एखादा शब्द लिहून जाणार नाही आणि पालकांनी कोणत्या तारखेला कळवले याची नोंदही राहील. दुसऱ्या दिवशी बोलताना आधी कारण विचारावे. आजी-आजोबा आले, बदली झाली, जूनमध्ये बालवाडी सुरू झाली किंवा कचेरीतच सोय झाली (२०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती लाभ कायद्यात ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी आली), तर त्यात आपली चूक नसते. मात्र पालक कारण सांगायला कचरत असतील, तर "मुलाच्या सांभाळाबद्दल काही खटकले असेल तर मोकळेपणाने सांगा" असे स्वतःहून म्हणावे, कारण मूल रडत राहिले, डबा तसाच परत आला, अशा गोष्टी पुष्कळदा पाळणाघर सोडतानाच प्रथम बोलल्या जातात आणि उरलेल्या मुलांसाठी त्या आपल्याला कळणे फार गरजेचे असते.

पैशांचा हिशेब प्रवेशाच्या वेळी सही झालेल्या कागदावरूनच करावा. समजा महिन्याची फी ६,००० रुपये, अनामत तितकीच आणि पूर्वसूचनेची मुदत ३० दिवसांची आहे; जूनची फी भरलेल्या पालकांनी १० जूनला कळवले आणि मूल त्याच दिवसापासून येणे थांबले. मुदत १० जुलैला संपते, त्यांतले २० दिवस जूनच्या फीमध्येच आले, म्हणून रोजचे २०० रुपये धरून उरलेल्या १० दिवसांचे २,००० रुपये अनामतीतून वळते करावेत आणि ४,००० परत द्यावेत. परंतु १ जुलैपासून त्या जागी दुसरे मूल आले, तर त्या १० दिवसांचे आपले नुकसान झालेलेच नाही. तेव्हा संपूर्ण अनामत परत करणे मला योग्य वाटते. पूर्वसूचनेची रक्कम हा दंड नाही, रिकाम्या राहिलेल्या जागेची ती भरपाई आहे, आणि भारतीय करार कायदा, १८७२ याचे कलम ७४ सुद्धा करारात रक्कम लिहिलेली असली तरी तिच्या मर्यादेत वाजवी भरपाईच देते.

कागदच केलेला नसेल, तर तोंडी ठरलेल्या गोष्टीची आठवण शांतपणे करून द्यावी, पालक नाही म्हणाले तर चालू महिन्याच्या फीवर समाधान मानावे आणि पुढच्या प्रवेशापासून एक पानी मराठी करार करावा. त्यात फी, अनामत, पूर्वसूचनेचे दिवस आणि अनामत किती दिवसांत परत मिळेल हे स्पष्ट लिहावे, पालकांसमोर वाचून दाखवावे आणि मगच सही घ्यावी. घरात कुणाचे गंभीर आजारपण आले किंवा नोकरी गेली, तर सूट देण्याचा अधिकार आपल्या हाती ठेवावा. अशा वेळी मी पूर्वसूचनेचे पैसे मागत नाही. रोख परत केलेली रक्कम ५,००० रुपयांहून अधिक असेल, तर पालकांकडून घ्यायच्या पावतीवर १ रुपयाचे महसूल तिकीट लावून सही घ्यावी. पैसे बुडाले तरी मुलाचे कपडे, औषधे किंवा दुपटे अडवून ठेवू नये.

या सगळ्या बोलण्यात मूल मागे पडते, आणि मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटते. वर्षभर रोज नऊ-नऊ तास आपल्या घरात काढलेले अडीच वर्षांचे मूल एका सोमवारी येईनासे होते, तेव्हा काय झाले हे त्यालाही कळत नाही आणि त्याच्या शेजारी झोपणाऱ्या मुलालाही कळत नाही. म्हणून पैशांचा विषय न काढता पालकांना एवढीच विनंती करावी की, त्याला येत्या आठवड्यात एका संध्याकाळी तासभर घेऊन या. त्याच्या आवडीचा शिरा किंवा पोह्यांची बशी त्याच्यासमोर ठेवावी, त्याची चित्रे आणि पाण्याची बाटली त्याच्याच हाती द्यावी आणि "आता तू आजीकडे राहणार, आम्हाला भेटायला ये" असे त्याच्या उंचीला बसून सांगावे. त्याची झोपेची वेळ, त्याला न पचणारे पदार्थ आणि त्याला शांत करणारे गाणे एका कागदावर लिहून आजीसाठी द्यावे. इतर मुलांनी विचारले तर खरे तेच सांगावे.

त्यानंतर वाट पाहणाऱ्या पालकांना यादीतल्या क्रमाने फोन करावा. जागा भरण्याच्या घाईत झेपणार नाही एवढे लहान बाळ मात्र घेऊ नये, आणि मावशींचा त्या महिन्याचा पगार ठरल्याप्रमाणे पूर्ण द्यावा.