संयुक्त बैठकीला जाण्यापूर्वी: कर्करोग पुनर्वसन करणाऱ्यांसाठी तयारीची यादी

कर्करोगतज्ज्ञ, शल्यविशारद, परिचारिका, वाचाउपचारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ यांच्यासोबतच्या बैठकीला जाणाऱ्या फिजिओथेरपिस्टने प्रत्येक रुग्णाबाबत एकच नेमका प्रश्न लिहून न्यावा. ‘व्यायाम सुरू करू का?’ असे विचारल्यास ‘करा’ एवढेच उत्तर मिळते आणि ते फारसे उपयोगी पडत नाही. मात्र ‘मांडीच्या हाडात कर्करोग पसरलेला असताना या पायावर पूर्ण भार देता येईल का?’ असे विचारले, की शल्यविशारदाला एक्स-रे पुन्हा पाहावाच लागतो.

प्रश्नाच्या जोडीला मोजमापे हवीत, तीही समोरच्याच्या रोजच्या वापरातली. रुग्णाची कार्यक्षमता ० ते ५ या ईसीओजी श्रेणीत (० म्हणजे पूर्णपणे सक्रिय, ४ म्हणजे पूर्णतः अंथरुणाला खिळलेला, ५ म्हणजे मृत्यू) नोंदवावी, कारण किमोथेरपीचे निर्णय घेताना तिचा विचार होतो. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर हात सुजला असेल, तर दोन्ही हातांचे घेर ठरावीक अंतरांवर मोजून आणावेत. शस्त्रक्रियेपूर्वीची मापे हाती असतील तर वाद बराच कमी होतो. डोके-मानेच्या कर्करोगात तोंड किती मिलिमीटर उघडते ते लिहावे. ३५ किंवा त्याहून कमी असल्यास सहसा ट्रिस्मस, म्हणजे जबडा आखडणे, मानला जातो.

ताजे प्लेटलेट व हिमोग्लोबिन, किमोथेरपी आणि रेडिएशनच्या तारखा, तसेच डॉक्सोरुबिसिन हे हृदयावर परिणाम करू शकणारे किमोथेरपीचे औषध दिले असल्यास इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) अहवाल आधीच मागून घ्यावा. पॅक्लिटॅक्सेल किंवा व्हिन्क्रिस्टिन ही नसांना इजा करू शकणारी किमोथेरपीची औषधे सुरू असलेल्या रुग्णाच्या पायांतील संवेदना आणि तोल स्वतः तपासून जावे, कारण बधिरपणाची तक्रार रुग्ण अनेकदा डॉक्टरांजवळ करतच नाही.

सर्वाधिक वेळ उद्दिष्टावर द्यावा. पुनर्वसन प्रतिबंधासाठी, गमावलेली क्षमता परत मिळवण्यासाठी, उरलेली टिकवण्यासाठी, की केवळ त्रास कमी करण्यासाठी, यांपैकी कशासाठी आहे हे आपण आधी ठरवावे आणि बैठकीत स्पष्टपणे मांडावे. एकाच रुग्णाला शल्यविशारद पुन्हा कामावर पाठवू पाहतो आणि उपशामक (त्रास कमी करणाऱ्या) सेवेतील परिचारिका वेदनेशिवाय झोप मिळावी म्हणून झटते, तेव्हा दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. मतभेद बहुधा न बोललेल्या उद्दिष्टाचा असतो, आणि रुग्णाला स्वतःला काय हवे हे तर कुणी विचारलेलेच नसते. ते विचारून जावे.

माहिती इतरांना सांगण्यास रुग्णाची संमती घ्यावी आणि त्याचे अहवाल वा छायाचित्रे मोबाइलवरील गटांत टाकू नयेत. रेडिएशनपूर्वीच गिळण्याचे व्यायाम शिकवता यावेत यासाठी रुग्ण उपचारांआधी आपल्याकडे पाठवण्याची विनंती त्याच बैठकीत करावी, आणि ठरलेले निर्णय, जबाबदार व्यक्ती व पुढील तपासणीची तारीख एका पानावर लिहून दुसऱ्या दिवशी सर्वांना पाठवावी.