‘शकलो’ म्हणजे दर वेळी ‘कुड’ नव्हे

शाळेत ‘कॅन’ म्हणजे ‘शकतो’ आणि ‘कुड’ म्हणजे ‘शकलो’ असे समीकरण आपण पाठ करतो, आणि मराठी माणसाच्या इंग्रजीतील एक चिवट चूक नेमकी तिथेच जन्माला येते. ‘काल मी शेवटची लोकल पकडू शकलो’ याचे ‘यस्टरडे आय कुड कॅच द लास्ट लोकल’ असे भाषांतर सहज सुचते. पण इंग्रजीत भूतकाळातील ‘कुड’ हे अंगी असलेली क्षमता सांगते, एखाद्या प्रसंगी प्रत्यक्ष साधलेली गोष्ट सांगत नाही. इथे ‘आय वॉज एबल टू कॅच’ किंवा, धावपळ झाली असेल तर, ‘आय मॅनेज्ड टू कॅच’ असे म्हणावे.

हा फरक ओळखण्याची कसोटी मराठीतच आहे. वाक्य ‘-ता येणे’ या रचनेत म्हणून पाहावे. ‘सहाव्या वर्षी मला पोहता येत असे’ येथे ‘येत असे’ बसते, म्हणून ‘आय कुड स्विम व्हेन आय वॉज सिक्स’ हे बरोबर. ‘पूर आला तरी मला पोहत काठ गाठता आला’ येथे मात्र ‘आला’ आहे, म्हणजे काम एकदाच आणि पुरते झाले. तेव्हा ‘वॉज एबल टू’ हवे. दिसणे, ऐकू येणे यांसारख्या संवेदनांच्या क्रियापदांना ही कसोटी लावू नये, कारण ‘आय कुड हिअर अ नॉइज’ हे एका प्रसंगापुरतेही चालते. नकारात तर भेदच उरत नाही: पकडता येत नसे आणि पकडता आली नाही, दोन्हींसाठी ‘कुडन्ट’ पुरते.

‘शकलो असतो’ हा संकेतार्थ असेल, तर ‘कुड हॅव’ आणि त्यापुढे क्रियापदाचे तिसरे रूप घ्यावे. ‘आय कुड हॅव टेकन द बस’ म्हणजे बसने जाता आले असते, पण गेलो नाही. ‘कुड ऑफ’ असे लिहिलेले अलीकडे फार दिसते. ती केवळ कानाने ऐकून केलेली चूक आहे.

विनंती करताना ‘कुड’ला भूतकाळ समजू नये. ‘कुड आय बॉरो युअर पेन?’ हे ‘कॅन’पेक्षा नम्र असते, मात्र परवानगी देताना ‘येस, यू कॅन’ असे म्हणावे, ‘येस, यू कुड’ असे नव्हे.

‘कुड’नंतर क्रियापद मूळ रूपातच येते, ‘टू’ लागत नाही. उच्चारात ‘ल’ मुका असतो, आणि तो जुन्या इंग्रजीत नव्हताच. ‘वुड’ आणि ‘शुड’ यांच्या पंगतीला बसवताना तो मागाहून या शब्दात शिरला.